फांदी मागायची नसते

आम्ही लातूरला आलो तेव्हा जिल्हा नवा होता आणि पाणी संपलेलं होतं. रिक्षावाल्यापासून पानवाल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, ‘आता आपलं जिल्ह्याचं ठिकाण हाय’, आणि त्याच तोंडाला कोरड पडलेली. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत थाटलेल्या, पाट्यांचा रंग ओला, आणि खाली रस्त्यावर रिकाम्या घागरींची रांग. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, चाकूरकडच्या आमच्या खेड्याहून शिकून वर आलेले, त्यांची अशाच एका नव्या कचेरीत कारकून म्हणून बदली झाली होती. खोली मिळायला लई दिवस लागले. घरमालक आधी नोकरी विचारायचे, मग गाव, मग आडनाव. आणि आडनावानंतर ‘पाहुणे येणार हायत, खोली लागतीय आम्हालाच’ असं काहीतरी निघायचं. शेवटी एका म्हाताऱ्यानं दोन पत्र्याच्या खोल्या दिल्या. त्याला ऐकू कमी यायचं आणि दादांना कचेरीत शिपाई सलाम करतो एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं.

त्या घराचं सांगायचं म्हणजे पत्रा. सकाळी दहाच्या पुढं तो तापायला लागायचा आणि टकटक, टकटक असे आवाज करायचा, जणू वर कुणी चालतंय. जवळच दाळमिल होती. तिची घरघर दिवसभर चालायची, ती इतकी अंगवळणी पडली की वीज गेली आणि मिल थांबली की आम्हीच दचकायचो. हवेत तुरीच्या फोलाची बारीक धूळ. भाकरीवर, केसांवर, दादांच्या धुतल्या शर्टावर तीच पिवळी भुकटी. दादा तो शर्ट पुन्हा झटकायचे, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे आणि सायकलवर बसताना पुन्हा एकदा खांदे झटकायचे. कपड्यांच्या बाबतीत माणूस लई कडक. बोलण्याच्या बाबतीतही. घरातसुद्धा ‘आहे’, ‘नाही’ असं पुस्तकी बोलायचे आणि माय त्यांना चिडवायची, “कचेरी सुटली की वो, आता तरी हाय म्हना.”

माय देवणीकडची. तिच्या हाताला झाडाचं वेड होतं, दुसरा शब्द नाही. खेड्यातल्या घराभोवती तिनं काय काय लावलं होतं! गुलबक्षी, तगर, कढीपत्ता, शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर अळू. त्यातलं एकही विकत आणलेलं नव्हतं आणि एकही मागून आणलेलं नव्हतं. आमच्या भागात बायकांची एक रीत होती, आता कुणाला ठाऊक असेल नसेल. फांदी मागायची नसते. मागून आणलेली फांदी धरत नाही, चोरून आणलेली धरते. पण ही चोरी म्हणजे नुसती उचलाउचली नव्हे, तिचेही नेम होते. बोलता बोलता फांदी मोडायची आणि पदराखाली घालायची; घरवालीनं त्या वेळी पाठ करायची, म्हणजे मुद्दाम तोंड फिरवायचं. मग एक-दोन दिवसांनी घरवालीनं दारात उभं राहून चार लोकांत मोठ्यानं शिव्या द्यायच्या, ‘कोन्या मेलीनं माझं झाड मोडलं, हात झडो तिचे.’ त्या शिव्या लागल्या की फांदी मुळं धरते. आणि फांदीला पहिलं पान फुटलं की ज्या घरची फांदी त्या घरच्या बाईला बोलवायचं. ती त्या झाडाच्या माहेरची. तिनं यायचं, पान बघायचं, बसायचं आणि च्या-फराळ घेऊनच उठायचं. न येणं म्हणजे झाड टाकून देणं. असं ते होतं. चोरी कमी आणि आवतण जास्त.

मी आता नांदेडला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथं बायकांचा मोबाईलवर एक गट आहे आणि त्यात मधूनमधून हाच वाद पेटतो, दुसऱ्याच्या कुंडीतली फांदी न विचारता तोडावी का. एक म्हणते मनीप्लांट तर चोरूनच आणावा लागतो, खाली हसण्याची चित्रं. दुसरी म्हणते झाडाला काय कळतंय, एक मोडली तर चार फुटतात. तिसरी म्हणते चोरी ती चोरीच, मग ती फांदीची असो की दागिन्याची, तिच्याखाली टाळ्या. मी वाचते आणि फोन पालथा ठेवते. कारण ह्यातल्या कुणालाच हे विचारावंसं वाटत नाही की तोडणारी कोण होती. ह्यांच्यातल्या कुणी तोडली तर ती गंमत. खाली धुणंभांडी करणाऱ्या बाईनं तोडली असती तर वॉचमनला बोलावलं असतं. मजेत चोरी करायलासुद्धा माणसाला आधी पत लागते बाई, हे मला पंधराव्या वर्षी कळलं आणि ते त्या गटात कसं लिहायचं हे मला अजून उमजलेलं नाही.

तर समोर राहायची अक्का. बिरादारांची. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. तिचा नवरा अप्पा, आडतीच्या धंद्यातला, कमी बोलणारा, ओट्यावर आरामखुर्ची टाकून बसणारा. घर दगडी, पुढं ओटा, ओट्यापुढं थोडी मोकळी जागा आणि फाटकाजवळ पांढरा चाफा. जुना, वाकडातिकडा, माणसाच्या दंडाएवढ्या फांद्यांचा. त्या दुष्काळात गल्लीतली सगळी झाडं काटक्या झाली होती. अक्काची तुळससुद्धा दोनदा वाळली. चाफा तेवढा उभा होता, पान एक नाही, नुसते ठोंब, पण बोट लावलं की दूध यायचं. अक्का मूळची देवणीजवळच्याच एका खेड्यातली निघाली. मायला हे कळलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. दोघींची बाजारपेठ एक, यात्रा एक, बोलण्यातले निम्मे कानडी शब्द एक. “यव्वा! तू आमच्या बाजूची व्हय गं!” असं अक्का म्हणाली त्या दिवसापासून दुपारी कामं उरकली की माय समोर जायला लागली.

अक्का ओट्यावर बसायची, सुपात दाळ निवडत. माय पायरीवर बसायची, तिच्या सुपातली मूठभर दाळ आपल्या पदरात घेऊन निवडत. वर ये असं अक्का म्हणाली नाही आणि माय चढली नाही. अक्का च्या द्यायची, गुळाचा, स्टीलच्या पेल्यात. तो पेला नंतर कुठं ठेवला जायचा ते मायनं मला कधी सांगितलं नाही. पण हसायच्या मात्र दोघी अशा, की दाळमिलच्या घरघरीवर त्यांचं हसणं ऐकू यायचं. माय तिला येसराची आमटी कशी करायची ते सांगायची, अक्का मायला सासूच्या गोष्टी सांगायची, ज्या ती दुसऱ्या कुणाला सांगत नसावी. त्या नव्या गावात मायला नावानं हाक मारणारी ती एकच बाई होती. “सुभद्रा, ये गं,” अशी तिची हाक आली की माय हातातलं काम टाकून उठायची. मला राग यायचा तिचा. इतकं काय धावायचं!

मायच्या मनात एकच होतं. अक्कानं एक डाव आमच्या घरी यावं. बसावं, च्या घ्यावा. तेवढंच. त्यासाठी तिनं कपबशांची एक जोडी आणून वरच्या फळीवर ठेवली होती, निळ्या फुलांची, तिला आम्ही हात लावायचा नाही. संक्रांतीला तिनं बोलावलं तर अक्काचं अंग दुखत होतं. मग बोलावलं तर पाहुणे होते. एकदा तर अक्का आमच्या दारापर्यंत आली, दारातच उभी राहून गप्पा मारल्या आणि ‘दूध उतू जाईल’ म्हणून परतली. दादा सगळं बघत होते. एकदा जेवताना म्हणाले, “कशाला बोलावते सारखी? येणार नाही ती.” माय म्हणाली, “तिला यायचंय वो. तिला कारन पाहिजे.” दादा हसले नाहीत. “कारण असलं तरी येणार नाही,” म्हणाले आणि भाकरी मोडली.

मग मायनं कारण शोधलं. एका दुपारी मी तिला बोलवायला गेले तेव्हा ती पायरीवर होती आणि अक्का बोलता बोलता मध्येच थांबली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. माय चाफ्याकडं बघत म्हणाली, “लई वाढलाय वो अक्का एका अंगानं.” अक्का सूप घेऊन उठली. “हाव गं, वाढलाय खरा. थांब, एवढी दाळ डब्यात घालून येते,” म्हणाली आणि आत गेली. दाळ डब्यात घालायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ ती आत राहिली. काड् करून आवाज झाला. हातभर फांदी मायच्या पदराखाली गेली, चिकाचे पांढरे थेंब लुगड्यावर पडले आणि माय मला ओढत जवळपास पळतच घरी आली. दार लावून भिंतीला टेकली आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. एवढी मोठी बाई, पण त्या वेळी माझ्यापेक्षा लहान दिसत होती. “बगितलीस का? पाठ केली तिनं,” म्हणाली. “म्हंजे येनार. पान फुटलं की येनार. आता न्हाई म्हनायची सोय न्हाई तिला.” फांदी तिनं दारामागं उभी करून ठेवली, चीक वाळेपर्यंत. चाफ्याला घाई चालत नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टँकरची वेळ होती. सगळ्या गल्लीची भांडी रांगेत लागलेली, बायका सावलीला टेकलेल्या, टँकरचा पत्ता नाही. अक्का फाटकात आली, कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाली. “कोन्या सटवीनं माझा चाफा मोडला गं! चोरटी मेली! हात झडले न्हाईत का तिचे मोडताना! दुष्काळात एक झाड जगून राह्यलं, तर तेबी बघवंना चोरांना!” काय आवाज होता! रांगेतल्या बाया बघायला लागल्या. आम्ही दाराच्या फटीतून बघत होतो. अक्का आमच्या घराकडं चुकूनही बघत नव्हती, पण तिच्या ओठांचा कोपरा हलत होता, आणि माय हसू दाबून दाबून लाल झाली होती. प्रत्येक शिवीला ती हळूच म्हणायची, “दे, अजून एक दे माय.” तिच्या आयुष्यात तिला कुणी दिलेला तो सगळ्यात मोठा मान होता असं मला वाटतं. अक्कानं रीत पाळली होती. आमच्याशी पाळली होती.

आणि त्याच वेळी दादांची सायकल गल्लीत वळली.

दादांचं एक सांगायला पाहिजे. आमचा आजा गावचा येसकर होता, म्हणजे गावचे निरोप पोचवायचे, गावचं पडेल ते काम करायचं आणि संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागून आणायच्या. दीक्षा घेतली त्या वर्षी आजानं ती येसकरकी सोडली आणि घरात सांगितलं, उपाशी मरू पण ह्यापुढं हात पसरायचा न्हाई. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी की गावात काहीही हरवलं, दोर असो, नांगराचा फाळ असो, की पहिली झडती आमच्या वस्तीची. दादा शाळेत जायच्या वयाचे असताना कुणाचा तरी तांब्या गेला म्हणून त्यांना दिवसभर चावडीपुढं उन्हात बसवलं होतं. शाळेतली पोरं येता-जाता बघत होती. तांब्या सापडला की नाही, कुठं सापडला, हे दादांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. ते उन्हात बसले एवढंच सांगितलं, तेही एकदाच. तर मायच्या लेखी मागणं वाईट म्हणून चोरून आणणं बरं. दादांच्या लेखी दोन्ही सारखंच. दोन्हीतून सुटायला म्हणून तर माणूस शिकला होता.

ते घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी दार लावलं, दारामागची फांदी बघितली आणि मायला विचारलं, “तू आणली?”

“आवो, ही रीत हाय बायांची,” माय अजून हसतच होती. “तिनं पाठ केली, मी मोडली. शिव्या द्यावाच लागत्यात. शिव्या दिल्या की धरतंय ते. तिला म्हाईत हाय सगळं.”

“आणि त्या रांगेतल्या बायकांना माहीत आहे?”

मायनं दाराच्या फटीतून रांगेकडं बघितलं.

“चोरटी म्हणून ओरडते आहे ती भर गल्लीत. उद्या कुणी विचारलं फांदी कुठं आहे, तर कुणाच्या दारामागं निघेल?”

“विचारनार कोन हाय, आन् विचारलं तर अक्का सांगंल की, मीच दिली म्हनून.”

“नाही सांगणार,” दादा म्हणाले. “ही रीत त्यांची त्यांच्यात चालते. आपल्याला ती लागू नाही. तुला कसं कळत नाही गं सुभद्रा?” शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की मला त्यांचा राग येईना आणि कीव करवेना.

मायनं फांदी घट्ट धरली. “पान फुटू द्या तरी. पान फुटलं की ती येतीया घरी. मग तुमीच बगा.” दादांनी तिच्या हातातून फांदी सोडवून घेतली. ओढून नाही, एकेक बोट उघडून. शर्टाची वरची गुंडी लावली, फांदी दोन्ही हातांत आडवी धरली, एखादी सरकारी वस्तू जमा करायला न्यावी तशी, आणि दार उघडून समोर चालायला लागले. माय उंबऱ्यात उभी राहून “आवो, नका,” एवढंच म्हणत राहिली.

अक्का शिव्या संपवून आत वळत होती. दादा फाटकाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कचेरीतल्या आवाजात म्हणाले, “बाई, आमच्या घरातून चूक झाली. ही आपली वस्तू. पुन्हा असं होणार नाही.”

अक्काचा चेहरा उतरला. “यव्वा! भाऊ, हे काय करून राह्यलात... न्यायची असतीय ती. परत नसतं आनायचं झाड. मी तर आपलं...” आणि ती थांबली. तिनं रांगेकडं बघितलं. रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. एक वाक्य होतं नुसतं, ‘मी तर आपलं रीत म्हणून बोलले, सुभद्राला मीच नेऊ दिली.’ ते ओठांवर आलेलं मी बघितलं. माय आमच्या उंबऱ्यात हात जोडल्यासारखी उभी होती, तिनंही बघितलं असणार. तेवढ्यात ओट्यावरून अप्पांचा आवाज आला. मोठा नाही, साधाच. “काय चाललंय तिथं? आत ये.” आणि अक्का आत गेली.

दादांनी फांदी फाटकाच्या भिंतीवर ठेवली. ते वळले तेव्हा कोपऱ्यावरच्या कंडक्टरची बायको दुसरीला म्हणाली, हळू नव्हे, “बरं झालं बाई कळलं. तरीच म्हनलं, परवा माझी बादली रांगेतनं कशी गायब झाली.” दादांनी ते ऐकलं. त्यांचं पाऊल चुकल्यासारखं झालं, पण ते थांबले नाहीत. मला वाटतं, आपण काय करून बसलो हे त्यांना त्या पाच-दहा पावलांत कळलं. ज्या शिक्क्याला भिऊन त्यांनी एवढं केलं तो त्यांनी स्वतःच्या हातानं, इस्त्रीचा शर्ट घालून, घरावर मारून घेतला होता. त्या दिवशी टँकर आला तेव्हा पाणी भरायला कुणीच गेलं नाही आमच्यातून. रात्री भाकरीबरोबर तांब्यातलं उरलेलं पाणी तिघांनी घोट घोट घेतलं.

त्यानंतर माय रांगेत सगळ्यात शेवटी घागर ठेवायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. ती गेली की बाया आपापली भांडी पायाशी ओढून घ्यायच्या, जरा जरा, सहज केल्यासारखं. शेवटी टँकरच्या तळाचं गढूळ पाणी मिळायचं, कधी तेही नाही. अक्काची हाक बंद झाली. दुपारी माय दार लावून आत बसायची आणि पत्रा टकटक करायचा. एकदा दोनदा अक्का ओट्यावर एकटीच दाळ निवडताना दिसली, मान खाली घालून. माय म्हणाली, “डोळं आलंत तिचं. लाल दिसत्यात.” मी म्हटलं, येऊ देत. तर मायनं मला जोरात चापट मारली.

ती फांदी तिथंच भिंतीवर पडून होती. अक्कानं उचलली नाही, कारण दिलेलं परत घेणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. आम्ही तर उचलायचा प्रश्नच नव्हता. चाफा लई चिवट. चैत्रात त्या पडलेल्या फांदीच्या टोकाला, ना माती ना पाणी, अंगातल्या चिकावरच, एक पान फुटलं. हिरवंगार, करंगळीएवढं. शाळेतून येताना मी बघितलं आणि धावत मायला सांगितलं. ती बाहेर आली नाही. तिनं आधीच बघितलं असावं. पुढं वैशाखाच्या उन्हात ते पान काळं पडलं आणि फांदी आक्रसली, मग कुणीतरी सरपणात नेली असेल.

दादांना ह्यावरून मी पुढं लई बोलले. नोकरी लागल्यावर, लग्नानंतर, अगदी त्यांच्या म्हातारपणीसुद्धा. तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं, म्हणायचे. त्यांनी एकदाच उत्तर दिलं. म्हणाले, “गप्प बसलो असतो तर तुझ्या मायला वाटत राहिलं असतं की ती येणार.” हे उत्तर आहे की नाही, मी अजून ठरवू शकलेले नाही. कधी वाटतं, माणूस बरोबर होता. कधी वाटतं, तुम्हाला काय कळतं दादा, वाटत राहणं हीसुद्धा एक चीज असते की!

मिरगाच्या तोंडावरचा एक रविवार होता. आभाळ भरून यायचं आणि नुसतं गडगडून जायचं. दादा घरी होते, खाटेवर पेपर वाचत बसले होते. मी चुलीपाशी. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर अक्का. केस विस्कटलेले, पदर नीट नाही. माय उठून उभीच राहिली. अक्का म्हणाली, “सुभद्रा... तांब्याची घागर गेली गं आमची. फाटकातली. माह्यारची होती.” मग जरा थांबून, खाली बघत, “ह्यांनी धाडलं. मी न्हाई म्हनत होते. जा म्हनले, बघून ये एकदा.”

दाळमिल रविवारची बंद होती, वरच्या पत्र्याची टकटक तेवढी ऐकू येत होती. मग माय बाजूला सरकली आणि म्हणाली, “या की. आत या.”

आणि अक्का आत आली. चप्पल बाहेर काढून आली. न्हाणीत बघितलं, रांजणामागं बघितलं, चुलीशेजारच्या कोपऱ्यात बघितलं. हात कशाला लावला नाही, नुसतं वाकून बघायची आणि सरळ व्हायची. खाटेपाशी आली तेव्हा दादांनी पेपर खाली न करता पाय वर घेतले. तिनं खाली वाकून बघितलं. आमची एक पत्र्याची पेटी होती तिथं आणि कांदे.

तिकडं मायनं स्टोव्ह पेटवला होता. मी बघतच राहिले. घरात पिण्याचं पाणी एक कळशी, ते पुढचा टँकर येईपर्यंतचं. त्यातलं तिनं पातेल्यात ओतलं, गूळ टाकला, चहाची पूड टाकली. फळीवरून निळ्या फुलांच्या कपबशा काढल्या, पदरानं पुसल्या आणि जमिनीवर मांडल्या. “बसा अक्का,” म्हणाली. “च्या टाकलाय.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं खरंच बसा म्हटलं होतं.

अक्का त्या कपबशांकडं बघत राहिली. “नगं गं,” म्हणाली, “माझा सोमवार हाय आज.” रविवारी सोमवार सांगितला तिनं, आणि वळून, चप्पल हातात घेऊनच, अनवाणी तापलेल्या गल्लीतून पळत गेली.

दादांनी पेपर खाली केला. मी दारातून बघत होते, समोर अप्पा आरामखुर्चीत बसले होते आणि अक्का त्यांना मान हलवून ‘न्हाई’ असं सांगत होती. मला रडायला येत होतं आणि त्या बाईला जाऊन मारावंसं वाटत होतं. पातेल्यातला चहा उकळून वर आला. मायनं स्टोव्ह बारीक केला.

“आली की वो अक्का घरी,” माय दादांना म्हणाली, आणि चहा गाळायला लागली.